मुंगसाचं अनेकवचन आणि कराडच्या ताईंचं पत्र

"मॅडम, मी कराडला असते, वय ३९. बारावीपर्यंत शिकले, सगळं मराठी मीडियममधून. मुलगी सहावीत आहे, इंग्लिश मीडियमला. मला आवड आहे म्हणून तिचा अभ्यास मीच घेते. मागच्या महिन्यात तिने विचारलं मॉन्गूसचं प्लूरल काय, मला गूसचं गीस होतं एवढं माहीत होतं म्हणून मी मॉन्गीस सांगितलं. तिने वर्गात तेच सांगितलं, पोरं हसली, टीचरपण हसल्या. त्याच आठवड्यात पेरेंट्स मीटिंगला मी 'आय हॅड गॉन टू मीट हर टीचर यस्टर्डे' असं म्हणाले तर शेजारच्या बाईंनी सगळ्यांसमोर 'वेंट, वेंट' करून मला दुरुस्त केलं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, आई तू नको आता माझं इंग्लिश घेऊस. मॅडम, या भाषेला काही नियम आहे का नुसतं पाठ करायचं? एका माणसाला यू आर का म्हणायचं, डाउटमध्ये बी कशाला, असं ती विचारते तेव्हा मला काही सांगता येत नाही. मी अभ्यास घेणं सोडून द्यावं का? आणि अजून एक, माझा भाचा लीड्सला असतो, तो म्हणतो तिकडे डोकं फिरलेल्या माणसाला डूलॅली म्हणतात आणि तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय. खरंय का हे?"

ताई, सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही शांतपणे वाचाल. आणि शक्य असेल तर मुलीला शेजारी बसवूनच वाचा, कारण यातलं निम्मं तिच्यासाठी आहे.

आधी मुंगूस. मॉन्गूस हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेलाय. चांगली इंग्रजी डिक्शनरी उघडा, त्या शब्दाचा उगम जिथे दिलेला असतो तिथे मराठीचं नाव सापडेल. आपल्याकडे तो बहुतेक दक्षिणेकडून आला, कन्नडमध्ये मुंगुसी म्हणतात, तेलुगूत मुंगिस. सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो इंग्रजीत लिहिलेला दिसायला लागतो, आणि तेव्हा त्यांना त्याच्या शेपटाकडचा आवाज ओळखीचा वाटला, त्यांच्या गूस पक्ष्यासारखा, म्हणून स्पेलिंगही हळूहळू तसंच बसलं. पण त्या पक्ष्याचा आणि मुंगसाचा काहीएक संबंध नाही, शब्द बाहेरचा आहे, आणि बाहेरून आलेल्या शब्दाला इंग्रजी बहुतेक वेळा सरळ शेवटी एस लावते, म्हणून मॉन्गूसेस.

मग गूसचं गीस का होतं? तर इंग्रजी लिहायला लागायच्याही आधीच्या काळात अशा काही शब्दांच्या अनेकवचनाच्या शेवटी 'इ'सारखा आवाज असायचा. आता हे तुम्ही आणि मुलगी दोघी करून बघा. 'ऊ' म्हणा, जीभ मागे जाते आणि ओठ गोल होतात. 'ई' म्हणा, जीभ पुढे येते आणि ओठ ताणले जातात. आता एकाच शब्दात आधी 'ऊ' आणि लगेच 'ई' घाईघाईने म्हणायचा असेल तर तोंड काय करतं, पुढे 'ई' येणार आहे हे आधीच ओळखून त्या 'ऊ'लाच पुढे सरकवतं. पिढ्यान् पिढ्या असं बोलून बोलून आतला स्वर कायमचा बदलला, मग शेवटचा 'इ' गळून पडला आणि मागे राहिला फक्त बदललेला स्वर. गूस-गीस, फुट-फीट, टूथ-टीथ, माउस-माइस, मॅन-मेन, सगळी एकाच घरातली भावंडं. हे शब्द फार जुने आणि रोजच्या वापरातले, म्हणून तगले. मॉन्गूस इंग्रजीत पोचला तोपर्यंत ही सगळी उलथापालथ होऊन शेकडो वर्षं झाली होती.

आणि आता तुमच्या मुलीला हे विचारा. मराठीत मुंगूसचं अनेकवचन काय? मुंगसं. मधला 'ऊ' गेला ना? माणूस-माणसं तसंच. म्हणजे शब्दाच्या पोटातला स्वर बदलून अनेकवचन करायची सवय मराठीलाही आहे, आणि मुंगूस या शब्दात तर मराठीच तसं करते, इंग्रजी करत नाही! हे कुणी तिला सांगितलं असतं ना तर तिने वर्गात उभं राहून सांगितलं असतं की टीचर, हा शब्द आमचा आहे.

तुमचं उत्तर चुकलं हे खरं, पण तुम्ही केलंत काय तर एक ओळखीचा नियम घेतला आणि नव्या शब्दाला लावून बघितला, भाषा शिकणारा प्रत्येक माणूस हेच करतो आणि हे न करता कुणालाच भाषा येत नाही. आपली दोन-अडीच वर्षांची पोरं 'बाबा जाला' म्हणतात, 'गेला' म्हणत नाहीत, कारण बस-बसला, उठ-उठला असं काहीबाही ऐकून त्यांनी नियम बनवलेला असतो. आपण तेव्हा कौतुकाने हसतो. मोठ्या बाईच्या बाबतीत तेच झालं की हसण्याचा सूर बदलतो, आणि मला ते अजिबात पटत नाही. वर्गात टीचरनी हसायला नको होतं. मी स्वतः शाळेत १८ वर्षं इंग्रजी शिकवलंय, मुलाचं उत्तर चुकलं की ते का चुकलं असेल हे बघणं हाच तर खरा तास असतो.

आता ते 'हॅड गॉन'. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही चूक तुमच्या एकटीची नाही, मराठीतून इंग्रजीत येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती ती करते, इंजिनियर करतात, डॉक्टर करतात, प्रोफेसरही करतात. कारण आपण मराठीत सहज म्हणतो, 'काल मी शाळेत गेले होते.' नुसतं 'काल मी शाळेत गेले' म्हटलं तर ऐकणारा पुढे काय झालं याची वाट बघतो. 'गेले होते' म्हटलं की गोष्ट पूर्ण झाली, जाऊन परत आले. म्हणजे आपल्याकडे साध्या भूतकाळाचं काम 'होते' करतं. इंग्रजीत हॅडचं काम वेगळं आहे. दोन गोष्टी घडल्या असतील आणि त्यातली आधी कुठली घडली हे दाखवायचं असेल तरच हॅड. 'मी पोचले तेव्हा टीचर घरी गेल्या होत्या', इथे हॅड गॉन बरोबर, कारण आधी त्या गेल्या, मग तुम्ही पोचलात. नुसतं 'काल मी गेले होते' याला वेंट पुरे.

माझी एक ट्रिक आहे, मी मुलांना हीच शिकवायची. मराठी वाक्यात 'तेव्हा आधीच' हे दोन शब्द घालून बघा. 'मी पोचले तेव्हा आधीच टीचर गेल्या होत्या', मस्त बसतं, हॅड लावा. 'काल तेव्हा आधीच मी टीचरना भेटायला गेले होते', काय तेव्हा, कशाच्या आधी? बसत नाही. मग हॅड नको. इंग्रजीचा नियम आठवत बसायची गरज नाही, मराठी कान लावायचा.

तुमच्या पत्रात एक वाक्य मराठीत होतं पण त्याचं इंग्रजी तुम्ही काय करत असाल याचा मला अंदाज आहे, ते मी वर छापलं नाही, 'मी १५ वर्षांपासून कराडमध्ये राहते' असं. बहुतेक 'आय ॲम लिव्हिंग इन कराड सिन्स फिफ्टीन इयर्स.' बरोबर? आपल्याकडे 'पासून' दोन्हीकडे चालतं, २०१० पासून आणि १५ वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर सिन्स, आणि किती वेळ लोटला ते मोजून सांगायचं असेल तर फॉर. इथेही मराठी कान चालतो. 'पासून' काढा आणि आधी 'गेली' लावा. 'गेली १५ वर्षं मी कराडमध्ये राहते', छान वाक्य झालं, म्हणून फॉर. 'गेली २०१० मी कराडमध्ये राहते' असं कुणी म्हणेल का? नाही, म्हणून सिन्स. आणि दोन्हीकडे क्रियापद 'आय हॅव बीन लिव्हिंग', आय ॲम नाही, कारण गोष्ट मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेली आहे.

तसंच 'आय ॲम हॅविंग टू डॉटर्स'. हे आपल्या 'आहे'मुळे होतं. 'मला दोन मुली आहेत', आहे दिसलं की ॲम हात वर करतो. तर शेवटी 'तेय' लागतंय का बघा. 'मी जेवतेय' म्हणतो, म्हणून 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं. 'मला दोन मुली असतायत' कुणी म्हणत नाही, म्हणून 'आय हॅव टू डॉटर्स'. माहीत असतंय असंही आपण म्हणत नाही, तर 'आय ॲम नोइंग' नको, 'आय नो'. ही ट्रिक मात्र शंभर टक्के चालत नाही, कारण आपण 'मला समजतंय', 'मला दिसतंय' असं खुशाल म्हणतो आणि इंग्रजीत तिथे साधं 'आय अंडरस्टँड', 'आय कॅन सी' लागतं. डोक्याने आणि मनाने करायच्या गोष्टी, समजणं, आवडणं, आठवणं, हवं असणं, तिथे आयएनजी टाळलेलं बरं एवढं लक्षात ठेवा.

या तीन गोष्टी सुधारल्या तर तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला एकदम वेगळं वाटेल. बाकीच्या बारीकसारीक चुका, 'डिस्कस अबाउट' मधला जास्तीचा अबाउट काय किंवा लेंड आणि बॉरोचा गोंधळ काय, उसनं देणं ते लेंड, उसनं घेणं ते बॉरो, या होत होत जातील, त्याने कुणाचं काही अडत नाही.

जाता जाता त्या वेंटबद्दल, कारण मुलगी विचारणारच की गो चा वेंट कसा काय. वेंट हा गोचा नाहीच. वेंड नावाचं जायचं या अर्थाचं जुनं क्रियापद होतं, जसं सेंड-सेंट तसं वेंड-वेंट. गोचा स्वतःचा भूतकाळ मागे पडला आणि तिथे शेजारच्या घरातला वेंट येऊन बसला. आणि आपल्याकडे? 'जा' आणि 'गेला' यात एक तरी अक्षर सारखं आहे का? जा आला संस्कृतच्या 'या' धातूवरून, गेला आला 'गत'वरून, तो गम् धातू, म्हणजे दोन वेगळ्या घरांतले शब्द आपण एकत्र नांदवतोय. इंग्रजीतही नेमकं जाण्याच्याच शब्दाला तसं झालं, मला हे दर वेळी शिकवताना फार आवडायचं.

यू आरचं उत्तर तर मराठी आईला जितक्या सोप्या पद्धतीने देता येईल तितकं इंग्रज आईलाही येणार नाही. पूर्वी इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे होते. दाउ म्हणजे तू, आणि यू म्हणजे तुम्ही, अनेकवचनी. मग फ्रेंच लोकांचं बघून मोठ्या माणसाला, साहेबाला, अनोळखी माणसाला एकट्याला असला तरी यू म्हणायची पद्धत आली, जसं आपण सरांना तुम्ही म्हणतो. पुढे कुणाला दाउ म्हटलं तर अपमान वाटेल की काय म्हणून लोक सगळ्यांनाच यू म्हणायला लागले, आणि सतराव्या शतकात दाउ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला, यॉर्कशरसारख्या भागातल्या बोलीत त्याची खूण अजून सापडते, तुमचा भाचा तिथेच आहे, त्याला म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याकडे कान द्यायला सांगा. थोडक्यात, इंग्रजीत आता तू उरलाच नाही, सगळे तुम्ही. आणि तुम्हीला क्रियापद अनेकवचनीच लागणार ना? 'बाबा आले', 'सर आलेत' म्हणताना माणूस एकच असतो तरी आपण 'आला' म्हणत नाही. तेच यू आर.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये देवाला दाउ म्हटलंय, आणि हल्ली लोकांना वाटतं की हा फार आदराचा शब्द असणार. पण तो 'तू' आहे. आपण नाही का विठ्ठलाला तू म्हणत?

आता डाउटचा बी. मुलीने अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, कारण तो बी कधी कुणी उच्चारतच नव्हतं. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला तेव्हा त्यात बी नव्हता, बोलण्यात नाही आणि लिहिण्यातही नाही. कर्ज या अर्थाच्या डेटमध्येही नव्हता. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिनचा मान वाढला, आणि विद्वान मंडळींनी बघितलं की या शब्दांचं लॅटिन मूळ दुबितारे आणि देबितुम आहे, त्यात ब आहे, तर मग आपल्याही स्पेलिंगमध्ये तो दिसला पाहिजे. घातला. तोंडाने कुणी म्हटला नाही पण हाताने सगळे लिहायला लागले. रिसीटमधला पी पण असाच आलाय. आणि गंमत म्हणजे डिसीट, म्हणजे फसवणूक, हा रिसीटच्याच घरातला शब्द, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये पी नाही, त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आयलंडमधला एस तर सरळ चुकून आलाय, जुना शब्द इंग्रजीचा स्वतःचा, एस नसलेला, पण बेटालाच दुसरा एक शब्द आहे आइल, तो लॅटिनमधल्या इन्सुलावरून आलेला, लोकांनी दोन्ही एकच समजून आइलचा एस आयलंडला चिकटवला.

नाइट, म्हणजे रात्र नव्हे, घोड्यावरचा योद्धा, त्यातला के मात्र वेगळा, तो एके काळी खरंच उच्चारायचे, क्नि असं, मधला जीएच सुद्धा घशातून ख सारखा काढायचे. विल्यम कॅक्सटनने १४७६ साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना टाकला आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण नेमक्या त्याच काही शतकांत बोलणं वेगाने बदलत होतं. म्हणजे लिहिणं एका जागी थांबलं आणि बोलणं पुढे निघून गेलं. इंग्रजी स्पेलिंगचा मुलांना जो त्रास होतो त्यातला बराचसा इथून आलाय. आणि आपली मराठी लिहितो तशीच बोलतो असं आपण अभिमानाने म्हणतो, पण 'चमचा' शब्दातले दोन च एकसारखे आहेत का म्हणून बघा. पहिला चहातला, दुसरा चाकूतला. लिहिताना अक्षर एकच. मराठी शिकणारा परका माणूस तिथे अडतोच.

डाउटबद्दल एक कामाची गोष्ट पण सांगते. आपल्याकडे वर्गात शंका विचारायची असली की 'टीचर, आय हॅव अ डाउट' म्हणतात, आणि भारतात सगळ्यांना ते समजतं, त्यात लाजायचं काही नाही. पण बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ 'तुम्ही म्हणताय त्यावर माझा विश्वास नाही' असा लागू शकतो. भाच्याकडे कधी गेलात तर 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा.

कन्फ्यूज करणाऱ्या शब्दांतला एक तर मला मुद्दाम सांगायचाय, तुम्ही विचारला नाहीत तरी, कारण तो जिवावर बेतू शकतो. खंबाटकी घाटात टँकरच्या मागे गाडी अडकली की मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं, हायली इन्फ्लेमेबल. घरातल्या थिनरच्या किंवा सॅनिटायझरच्या बाटलीवर असतं फ्लेमेबल. दोन्हीचा अर्थ एकच आहे, पटकन पेट घेणारं. मुलं शाळेत शिकतात की इन लागलं की उलटा अर्थ, इनकरेक्ट, इनव्हिजिबल, मग त्यांना वाटतं इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. हा इन नकाराचा नाही, हा 'आत'चा इन आहे, पेटवणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून सोबतच आलेला. याच गोंधळामुळे अमेरिकेत १९२० च्या दशकापासून आगीपासून सुरक्षेचं काम करणाऱ्या लोकांनी फ्लेमेबल वापरा म्हणून आग्रह धरला. ही एवढी एक गोष्ट आजच मुलीला सांगा.

आणि आता देवळाली. हो ताई, भाचा खरं सांगतोय. ब्रिटिश सैन्याचा देवळालीला मोठा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक तिथे यायचे आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत थांबायचे. बोटी वर्षभर नसायच्या, थंडीच्या मोसमातले ठरावीक महिनेच, त्यामुळे चुकीच्या वेळी पोचलेल्या माणसाला कित्येक महिने नुसतं बसून काढावे लागायचे. विचार करा, विशी-पंचविशीतली पोरं, घर सोडून वर्षं झालेली, काम काही नाही, उन्हाळा, मलेरिया, दारू. काहींची डोकी खरंच बिघडायची, कुणी विचित्र वागायला लागायचं. मग सैन्याच्या बोलीत शब्द तयार झाला, डूलॅली टॅप. ळ त्यांच्या जिभेला येत नाही म्हणून देवळालीचं डूलॅली, आणि टॅप म्हणजे नळ नाही हां, तो आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला आणि नुसतं डूलॅली राहिलं, ब्रिटनमध्ये अजून 'गॉन डूलॅली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्या बहुतेकांना ते एका गावाचं नाव आहे हे माहीतही नसतं. आज त्याच देवळालीला आपल्या सैन्याचं तोफखान्याचं स्कूल आहे, आणि मुंबईहून जाताना नाशिक रोडच्या अलीकडे स्टेशन लागतं.

असे बरेच शब्द सैनिकांसोबत तिकडे गेले. विलायतीचं ब्लायटी झालं, पहिल्या महायुद्धातले इंग्रज सैनिक घराच्या आठवणीने इंग्लंडला ब्लायटी म्हणायचे, म्हणजे आपण त्यांच्या देशाला दिलेलं नावच त्यांनी मायेने उचललं. आरामाच्या नोकरीला कुशी जॉब म्हणतात, तो आपला खुश, खुशी. भाच्याला एवढंच सांगा की डूलॅली शब्द हसत हसत वापरला जात असला तरी त्याच्या मागे आजारी पोरं होती, खरोखर मनाने त्रासलेल्या माणसाला उद्देशून तो वापरू नको.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मुलगी म्हणाली तू नको घेऊस, ते तिने लाजेपोटी म्हटलंय. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला वर्गात हसं झालेलं सहन होत नाही, तिला तुमचा राग आलेला नाही, ती घाबरलीय की पुन्हा असं होईल. तर ते पुन्हा होणार नाही याची व्यवस्था करायची. एक जाड वही घ्या. जिथे उत्तर पक्कं माहीत नाही तिथे अंदाजाने सांगायचं नाही, 'मला माहीत नाही, चल बघू' म्हणायचं आणि दोघींनी मिळून डिक्शनरी उघडायची, फोनवरची चालेल. पण नुसतं उत्तर बघून बंद करायची नाही. खाली शब्द कुठून आला ते लिहिलेलं असतं, ते वाचायचं आणि वहीत उतरवायचं, मराठीतून. दिवसाला एकच शब्द, जास्त नको. मुलीला पाठांतर तुमच्यापेक्षा चांगलं जमत असेल, पण मुंगूस-मुंगसं आणि सर आलेत यांच्याशी इंग्रजी जोडून दाखवणं तुम्हाला जमेल, कारण तुमची मराठी पक्की आहे. इंग्लिश मीडियमच्या बऱ्याच मुलांना हे कुणी दाखवतच नाही, त्यांचं इंग्रजी एकीकडे आणि मराठी एकीकडे पडून राहतं.

वहीच्या पहिल्या पानावर मॉन्गूस लिहा. तिला म्हणा वर्गात परत हा शब्द निघाला तर सांग टीचरना तो कुठून आला ते. जबरदस्ती करू नका, तिला वाटलं तरच. टीचरना स्वतः जाऊन काही बोलायचं असेल तर तेही बोला, भांडण म्हणून नाही, पण मुलीला हसलेलं लागलं एवढं त्यांना कळायला हवं, चांगल्या शिक्षकाला ते कळवलेलं आवडतं.

आणि पुढच्या मीटिंगला बोलायचं म्हणून दोन वाक्यं देते, घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून ठेवा. 'आय केम टू सी यू लास्ट वीक, बट यू हॅड लेफ्ट.' मी गेल्या आठवड्यात तुम्हाला भेटायला आले होते पण तुम्ही निघून गेला होतात. बघा, मराठीत दोन्हीकडे होतं आहे, इंग्रजीत हॅड एकाच ठिकाणी, जे आधी घडलं तिथे. आणि दुसरं, 'वी हॅव बीन स्टडीइंग टुगेदर फॉर सिक्स इयर्स.' गेली सहा वर्षं आम्ही दोघी मिळून अभ्यास करतोय.